कोंडलेला प्रकाशकण

डोळा प्रकाश पाहतो असें आपण म्हणतों. वस्तुतः डोळा प्रकाश गिळतो. दिव्यापासून निघालेला किरण नेत्रपटलावर पोंचला, कीं तेथील द्रव्य त्याचा घास घेतें, आणि त्याच्या मरणाची वार्ता तेवढी मेंदूकडे जाते. छायाचित्राची कांच असो किंवा अत्यंत नाजूक असें प्रकाशमापक यंत्र असो, सर्वांची रीत हीच. टपालानें आलेलें पत्र वाचतां वाचतां जळून जावें आणि राखेवरून मजकूर ताडावा, असा हा व्यवहार आहे. प्रकाशाचा एकच कण न मारतां पाहतां येईल काय, त्याला कांहीं काळ कोंडून ठेवतां येईल काय, आणि एक, दोन, तीन असे हवे तितकेच कण मोजून एका जागीं मांडतां येतील काय, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विचारले गेले ते कागदावरच. त्यांचीं उत्तरें प्रयोगशाळेंत मिळावयास तें शतक संपत आलें.

प्रकाशाला कण असतात ही कल्पना स्वीकारण्यासच विज्ञानाला बराच काळ लागला. १९०० सालीं माक्स प्लँक यांनीं तप्त पदार्थांच्या तेजाचें सूत्र मांडतांना शक्तीची देवघेव ठराविक पुंजांनींच होते असें गृहीत धरलें. १९०५ मध्यें आइन्स्टाइन यांनीं तो पुंज प्रकाशाच्याच अंगीं आहे असें सांगितलें. १९२४ सालीं ढाका विद्यापीठांतून सत्येन्द्रनाथ बोस यांनीं प्लँकचें सूत्र सर्वस्वी नव्या गणनेनें सिद्ध करून तो निबंध थेट आइन्स्टाइनकडे पाठविला, आणि त्या थोर पुरुषानें स्वतः त्याचें जर्मन भाषांतर करून तो छापविला. एकमेकांपासून ओळखतां न येणारे कण मोजावे कसे, हें बोस यांनीं शिकविलें. पण मोजणीची रीत सांपडली म्हणून मोजावयाची वस्तु हातीं आली असें होत नाहीं. १९५१ च्या डिसेंबरांत आपले जुने मित्र बेसो यांना लिहितांना आइन्स्टाइन यांनीं कबूल केलें, कीं पन्नास वर्षें चिंतन करूनहि प्रकाशाचा कण म्हणजे काय ह्या प्रश्नाच्या उत्तराजवळ आपण पोंचलेलों नाहीं.

ह्याच आइन्स्टाइननीं १९३० सालीं ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेंत बोर यांच्यापुढें एक पेटी मांडली होती. पेटी अर्थात् मनांतली. तिच्या भिंती आरशाच्या, आंत प्रकाश भरलेला, आणि एका घड्याळाच्या हुकमानें क्षणभर उघडणारें एक झांकण. झांकण उघडून एकच कण बाहेर जाईल, पेटी आधीं व नंतर तोलली कीं त्याची शक्ति कळेल, आणि घड्याळावरून निघण्याचा क्षण कळेल, असा त्यांचा डाव होता. बोर यांनीं एका रात्रींत त्याला उत्तर शोधलें तें प्रसिद्धच आहे. येथें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच, कीं वादी व प्रतिवादी या दोघांपैकीं कोणालाहि अशी पेटी खरोखर बनेल असें वाटत नव्हतें. १९५२ सालीं तर श्रोडिंजर यांनीं स्पष्टच लिहिलें, कीं एकट्या अणूवर किंवा एकट्या इलेक्ट्रॉनवर कोणी कधीं प्रयोग करीत नाहीं. प्राणिसंग्रहालयांत पुराणकाळचे मत्स्यसरट पाळण्याइतकीच ती गोष्ट अशक्य. ज्या गृहस्थानें १९३५ मध्यें एकाच वेळीं जिवंत व मृत असणारें मांजर कल्पिलें, त्याचाच हा अविश्वास. तो अवास्तव नव्हता. त्या काळच्या साधनांकडे पाहतां दुसरें कांहीं म्हणतां आलें नसतें.

पेटीचा मार्ग मात्र १९४६ सालींच एका वेगळ्याच बाजूनें खुला होऊं लागला होता. उत्तेजित अणु आपली जादा शक्ति प्रकाशरूपानें केव्हां टाकील तें सांगतां येत नाहीं, तो आपल्या लहरीनें टाकतो, आणि ती लहर त्याचा जन्मजात स्वभाव होय, अशी तोंवरची समजूत होती. हार्वर्ड विद्यापीठांतील एडवर्ड पर्सेल यांनीं एका अगदीं लहान टिपणांत दाखविलें, कीं हा स्वभाव एकट्या अणूचा नसून तो जेथें ठेवला आहे त्या जागेचाहि आहे. तार तीच असते. पण ती तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ताणली म्हणजे घुमते, आणि नुसत्या काठीवर ताणली म्हणजे जवळच्यालाहि ऐकूं येत नाहीं. पर्सेल यांच्यापुढें अणूच्या गर्भाचें चुंबकत्व आणि रेडिओच्या लहरी हा विषय होता. मोकळ्या अवकाशांत अशा गर्भाला आपली शक्ति टाकण्यास ५ वर एकवीस शून्यें इतके सेकंद लागावेत. हा काळ विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारें दहा हजारपट होतो! परंतु योग्य मापाच्या धातूच्या परिसरांत तेंच काम कांहीं मिनिटांत व्हावें, असा त्यांचा हिशेब निघाला. ह्याची उलट बाजूहि खरी असली पाहिजे, हें १९८१ मध्यें मॅसाच्युसेट्स येथील डॅनियल क्लेपनर यांनीं मांडलें: पोकळी जर लहरीच्या मानानें फारच अरुंद असेल, तर अणूला प्रकाश टाकण्यास जागाच उरणार नाहीं, व तो उत्तेजित स्थितींत तिष्ठत राहील. १९८५ सालीं क्लेपनर व त्यांचे सहकारी यांनीं तसें तिष्ठणें प्रत्यक्ष दाखविलें. त्यापूर्वी १९८३ मध्यें पॅरिसच्या प्रयोगशाळेंत पोकळीमुळें अणूची घाई वाढलेली दिसली होती.

पोकळीच्या भिंती निर्दोष असतील तर पुढें काय होईल? अणूनें टाकलेला कण बाहेर जाऊं शकत नाहीं; तो भिंतींवर आपटून परत अणूकडेच येतो, अणु तो घेतो, पुन्हां टाकतो, पुन्हां घेतो. झोंपाळ्याप्रमाणें चालणाऱ्या ह्या देवघेवीचें गणित १९६३ सालीं एडविन जेन्स व फ्रेड कमिंग्स यांनीं मांडलें. त्या गणितांत एक छोटासा नियम आहे, आणि पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे. पोकळींत आधींच जितके कण असतील त्यांत एक मिळवून जें वर्गमूळ येतें, त्या प्रमाणांत झोक्याचा वेग वाढतो. पोकळी रिकामी असतांना जो वेग, त्याच्या मानानें एक कण असतां तो सुमारें १.४१ पट, दोन असतां १.७३ पट, तीन असतां बरोबर दुप्पट. म्हणजे झोक्याचा वेग मोजला, कीं आंत कण किती तें कळतें. आणि झोका नेमक्या क्षणीं थांबवितां आला, तर हवा तो कण आंत सोडतांहि येतो.

हा एवढा खटाटोप कशाला, दिवाच मंद करीत गेल्यानें अखेर एक कण उरेल, अशी शंका सहज येईल. तिचें उत्तरहि १९६३ सालींच मिळालें. रॉय ग्लॉबर व केरळांत जन्मलेले एन्नाक्कल चंडी जॉर्ज सुदर्शन या दोघांनीं त्या वर्षीं प्रकाशाच्या सुसंगत अवस्थांचा सिद्धान्त मांडला. त्याप्रमाणें लेसरचा किरण सरासरी एक कण उरेपर्यंत मंद केला, तरी शंभर वेळां पाहिल्यास सुमारें ३७ वेळां कांहींच सांपडणार नाहीं, ३७ वेळां एक कण सांपडेल, आणि उरलेल्या २६ वेळां दोन किंवा अधिक. मूठमूठ तांदूळ कितीहि जपून टाकले, तरी दरवेळीं दाणे सारखे पडत नाहींत, तसेंच हें. कणांची संख्या निश्चित असलेली अवस्था ही निराळीच चीज आहे, आणि ती निसर्गांत आयती मिळत नाहीं. (ग्लॉबर यांना २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत सुदर्शन यांचें नांव नव्हतें. त्यावरून आपल्याकडे जो क्षोभ झाला तो अकारण नव्हता, एवढें म्हणून पुढें जाणें बरें.)

गणित तयार झालें. आतां अणु हवा होता आणि पेटी हवी होती. सामान्य अणु ह्या कामीं फार मुका असतो. त्याची प्रकाशावरची पकड इतकी दुबळी, कीं झोका सुरू होण्यापूर्वींच कण भिंतींत विरावयाचा. म्हणून संशोधकांनीं रुबिडियमसारख्या धातूच्या अणूंतील सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन लेसरच्या साह्यानें उचलून पन्नासाव्या पायरीच्या आसपास नेऊन ठेवला. असा अणु साध्या अणूच्या हजारों पट मोठा होतो. त्याचा व्यास एका मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाएवढा भरतो, आणि अणूंच्या जगांत हा देह कुंभकर्णाचाच म्हटला पाहिजे! प्रकाशाशीं त्याची देवघेव प्रचंड वाढते. १९८३ सालीं क्लेपनर व रँडल ह्यूलेट यांनीं इलेक्ट्रॉनला वर्तुळाकार कक्षेंत बसविण्याची युक्ति काढली. तसा अणु आपली शक्ति सेकंदाच्या सुमारें तीस हजारांशापर्यंत, अणूच्या मानानें युगभर, सांभाळून ठेवतो. येथें ‘प्रकाश’ हा शब्द विस्तृत अर्थानें घ्यावयाचा आहे. एक्कावन्नाव्या पायरीवरून पन्नासाव्यावर उतरतांना हा अणु जो कण टाकतो, त्याच्या लहरीची लांबी सुमारें सहा मिलिमीटर असते. डोळ्याला तो दिसत नाहीं, पण त्याचें शास्त्र सूर्यकिरणाहून निराळें नाहीं.

ह्या साधनांनिशीं प्रथम यश आलें तें म्यूनिक येथें. हर्बर्ट वाल्टर यांच्या मंडळींनीं १९८५ सालीं नायोबियम धातूच्या अतिशीत पोकळींतून असे अणु इतके विरळ सोडले, कीं एका वेळीं आंत सरासरीनें एकहि अणु नसे. तरीहि अणूंनीं टाकलेल्या कणांची आंत रास साठत गेली. १९८७ मध्यें याच पोकळींत झोक्याचें मावळणें आणि पुन्हां उसळून येणें दिसलें. प्रकाश पुंजांनीं बनलेला नसता तर तें पुन्हां उसळणें घडलेंच नसतें. पुढें ह्याच यंत्रानें निश्चित संख्येचे कण सांठविले, व त्यामागची युक्ति मोठी मार्मिक आहे. प्रत्येक अणु सारख्याच वेगानें पोकळी ओलांडतो असें ठेवावयाचें. आंतील कणांची संख्या वाढेल तसा झोक्याचा वेग वाढत जातो, आणि एका संख्येला असें घडतें, कीं अणु आंत असेपर्यंत झोक्याचे फेरे बरोबर पूर्ण होतात. तो जसा आला तसाच, आपला कण आपल्याजवळ राखून, बाहेर पडतो. म्हणजे त्या संख्येपुढें भर पडत नाहीं. माप भरलें कीं ओतणारा हात आपोआप मागें येतो. १९९९ सालीं ही अडकण प्रत्यक्ष दिसली, आणि २००० सालीं त्याच प्रयोगशाळेनें एक व दोन कणांच्या शुद्ध अवस्था बनवून दाखविल्या.

भारताचा धागा ह्या कथेंत आणखी एके ठिकाणीं लागतो. हैद्राबाद विद्यापीठांतील गिरीश अगरवाल यांनीं १९८४ सालीं, रिकाम्या पोकळीच्या नुसत्या सान्निध्यानें अणूची एक शोषणरेषा दुभंगून दोन कशा होतील, तें गणितानें सांगितलें. १९९२ मध्यें कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें जेफ किंबल यांच्या प्रयोगशाळेनें एकेका सीझियम अणूच्या बाबतींत तो दुभंग पाहिला.

पॅरिसची कथा सर्वांत दीर्घ आहे. सर्ज हारोश हे १९४४ सालीं मोरोक्कोंतील कासाब्लांका येथें जन्मले, वयाच्या बाराव्या वर्षीं फ्रान्समध्यें आले, आणि क्लोद कोएन-तानूजी यांच्या हाताखालीं शिकले. एकोल नॉर्माल या विद्यालयाच्या प्रयोगशाळेंत झाँ-मिशेल रेमाँ व मिशेल ब्रून या दोन सहकाऱ्यांसह त्यांनीं जें काम हातीं घेतलें, त्याचा मोठा भाग आरसे सुधारण्यांत गेला. पदार्थविज्ञानाच्या इतिहासांत सिद्धान्त मांडणाऱ्यांचीं नांवें राहतात आणि आरसा घांसणारा हात विसरला जातो. येथें तसें करणें अन्यायाचें होईल. दोन वाटोळे, किंचित् खोलगट आरसे समोरासमोर, मध्यें अंतर २.७ सेंटिमीटर. १९९६ सालीं ह्या आरशांमध्यें कण सेकंदाचा सुमारें सहा हजारावा भाग टिके. १९९९ पर्यंत तें आयुष्य एका सहस्रांशावर आलें. मग तांब्याचे आरसे हिऱ्याच्या हत्यारानें कोरून, त्यांवर नायोबियमचा लेप देऊन, निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.८ अंशावर थंड केले, तेव्हां २००६ च्या सुमारास तेंच आयुष्य ०.१३ सेकंदावर गेलें. आंकडा लहान दिसतो. पण तेवढ्या वेळांत तो कण दोन आरशांमध्यें शंभर कोटींहून अधिक वेळां आपटतो आणि जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा पुरी होईल इतकें, अंतर तोडतो.

कमी टिकणाऱ्या जुन्या आरशांनींहि १९९६ सालीं दोन मोठीं कामें केलीं. पहिलें, वर सांगितलेला वर्गमुळाचा नियम उघड मोजला गेला. दुसरें श्रोडिंजरच्या मांजराचें. एक अणु दोन पायऱ्यांच्या संमिश्र स्थितींत ठेवून पोकळींतून नेला. आंत थोडासा, सरासरीनें तीन-चार कणांचा, प्रकाश होता. अणु वरच्या पायरीवर असेल तर लहरीचा कांटा एकीकडे सरकावा, खालच्या पायरीवर असेल तर उलट दिशेला. आणि अणु दोन्हींकडे असल्यामुळें प्रकाशहि एकाच वेळीं दोन्हींकडे सरकला. मग कांहीं वेळानें दुसरा अणु पाठवून हें दुहेरीपण शाबूत आहे कीं विरलें तें तपासलें. दोन कांट्यांतील अंतर जितकें मोठें, तितकें तें दुहेरीपण लवकर विरतें असें आढळलें. घरांतलें मांजर एकाच वेळीं जिवंत व मेलेलें कां दिसत नाहीं, याचें उत्तर पूर्वीं तत्त्वचर्चेंत शोधलें जाई. पॅरिसमध्यें तें घड्याळ लावून मोजलें गेलें.

परंतु कणाला न मारतां पाहण्याचा मूळ प्रश्न खऱ्या अर्थानें सुटला तो नव्या आरशांत. अणूची पायरी आणि पोकळीचा सूर यांत मुद्दाम थोडा फरक ठेवला, म्हणजे अणूला कण गिळतांच येत नाहीं. मात्र कणाच्या नुसत्या सहवासानें अणूच्या आंतील घड्याळाची चाल बदलते. नॉर्मन रॅम्से यांनीं १९४९ सालीं काढलेल्या पद्धतीनें पोकळीपूर्वीं अणूचा कांटा लावावयाचा, आणि पोकळीनंतर तो कोठें आला तें वाचावयाचें. आंत कण असेल तर अणु वरच्या पायरीवर निघतो, नसेल तर खालच्या. अणु वाचला जातो आणि नष्ट होतो. कण आपल्या जागीं राहतो. दाराशीं पाहुण्याचे जोडे पाहून घरांत कोणी आहे हें ओळखावें, आंत डोकावूं नये, तसें हें आहे.

२००७ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध झालेला आलेख श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. अणु एकामागून एक जात आहेत आणि प्रत्येक सांगत आहे: खालीं, खालीं, खालीं. आंत कांहीं नाहीं. मग अचानक वर, वर, वर, असे शेंकडों अणु एकच साक्ष देतात: एक कण आला आहे. आरशांत उरलेल्या किंचित् उष्णतेनें तो जन्मला. मग तितक्याच अचानकपणें पुन्हां खालीं. कण गेला. त्याचें येणें आणि जाणें हळूहळू होत नाहीं. पायरी एकदम चढते आणि एकदम उतरते. एक कण तर जवळजवळ अर्धा सेकंद जगला, म्हणजे सरासरीच्या तिपटीहून अधिक. एकाच कणाची जन्मापासून मृत्यूपर्यंतची ही नोंद प्रथमच झाली, आणि १९५२ चा तो मत्स्यसरट संग्रहालयांत येऊन बसला.

पाहणें जमल्यावर घडविणेंहि जमलें. त्याच वर्षीं ह्या मंडळींनीं सात कणांपर्यंत मोजणी केली. प्रथम आंत अनिश्चित संख्येचा प्रकाश असतो. एकेक अणु जसजसा साक्ष देतो तसतशा कांहीं संख्या बाद होत जातात, आणि शेवटीं एकच उरते. मोजण्यानेंच ती अवस्था सिद्ध होते. पण कोणती संख्या उरेल तें मात्र नशिबावर, आणि एक कण आरशांत हरवला कीं सर्व श्रम फुकट. २०११ सालीं त्यावर उपाय निघाला. अणूंची साक्ष तत्काळ गणकयंत्राला द्यावयाची, त्यानें आंत किती कण असावेत तें क्षणोक्षणीं ठरवावयाचें, आणि कमी-अधिक दिसतांच बाहेरून मोजका प्रकाश सोडून चूक सुधारावयाची. याप्रमाणें चार कणांपर्यंतची अवस्था हुकुमानें बनविली व टिकविली. पुढच्या वर्षीं, दुरुस्तीसाठीं एकेक अणूच वापरून, सात कणांपर्यंत मजल गेली. गळक्या घागरीपाशीं बसून, गेलेला थेंब तेवढाच परत घालणाऱ्या माणसाचें हें काम.

२०१२ सालचें नोबेल पारितोषिक हारोश व अमेरिकेंतील डेव्हिड वाइनलंड यांना विभागून मिळालें. एकानें प्रकाश कोंडून अणूंनीं पाहिला, दुसऱ्यानें विद्युत्भारित अणु कोंडून प्रकाशानें पाहिले. बातमी आली तेव्हां हारोश पत्नीसह रस्त्यानें चालले होते. दूरध्वनीवर स्वीडनचा क्रमांक दिसतांच त्यांना जवळच्या बांकावर बसावें लागलें.

पॅरिसचा कण पोकळींतच जन्मतो आणि पोकळींतच मरतो. त्याला बाहेर पाठवितां येत नाहीं. तें काम दृश्य प्रकाशाच्या शेजारच्या, तांबड्यापलीकडच्या किरणांनीं केलें. म्यूनिकजवळच्या गार्खिंग येथें गेरहार्ड रेम्पे यांच्या मंडळींनीं २००२ सालीं, पोकळींतून जाणाऱ्या एका अणूकडून मागाल तेव्हां एक कण बाहेर काढून दाखविला. २००४ मध्यें किंबल यांच्याकडे एकच अणु पोकळींत स्थिर धरून तेंच साधलें. २०१३ सालीं गार्खिंगच्या पोकळीवरून एक उडता कण परतला, आणि जातांना आंतील रुबिडियमच्या अणूवर आपल्या येण्याची खूण ठेवून गेला. कण शाबूत, खूण वाचलेली. २०१९ मध्यें तेथेंच, एकट्या अणूवरून परतविलेल्या लेसरच्या मंद स्पंदाला त्यांनीं श्रोडिंजरच्या मांजराचें दुहेरी रूप दिलें, आणि तें आरशांत कोंडलेलें न राहतां पोकळीबाहेर चालूं लागलें. वाटेंत एखादाहि कण हरवला, तरी तें रूप विरूं लागे.